मूत्रपिंडाची गाठ : चार वेळचा स्कॅन कशासाठी?

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालय प्रशासनाच्या वतीने केलेले भाषण)



जमाखर्चाची पत्रके आपल्या हाती आहेतच. त्यांचे वाचन करून आम्ही आपला वेळ घेत नाही. मात्र क्ष-किरण विभागाच्या खर्चासंबंधी एक प्रश्न देणगीदार आणि रुग्णांचे नातेवाईक, दोघेही वारंवार विचारतात. मूत्रपिंडात गाठ आढळलेल्या रुग्णाचा सी.टी. स्कॅन एकाच बैठकीत चार चार वेळा का काढला जातो? आणि एवढे करूनही अखेर विकृतिशास्त्र विभागाच्या अहवालाची वाट का पाहावी लागते? आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. वैद्यकात आमचा अधिकार नाही. परंतु धर्मादाय पैसा कशावर खर्ची पडतो हे जाणून घेणे आमचे कर्तव्यच असल्याने तज्ज्ञांकडून जे समजून घेतले, ते आपल्यापुढे ठेवीत आहोत.

पूर्वी हा आजार लघवीतून रक्त गेल्यावर किंवा कुशीत गाठ हाताला लागल्यावर कळत असे. आता पुष्कळशा गाठी अन्य कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत अवचित दिसतात. रुग्णाला कसलाही त्रास नसतो आणि घरच्यांच्या पायांखालची जमीन मात्र सरकलेली असते.

मूत्रपिंडाचा कर्करोग हा एकच रोग नव्हे. त्यातील ७० ते ७५ टक्के रुग्णांत ‘क्लिअर सेल’ ही जात आढळते, १० ते १५ टक्क्यांत ‘पॅपिलरी’, तर ५ टक्क्यांच्या आसपास ‘क्रोमोफोब’. क्रोमोफोब सामान्यतः सौम्य वागणारी, तर क्लिअर सेल अधिक पसरू पाहणारी. शिवाय ‘ऑन्कोसायटोमा’ ही गाठ कर्करोगाची नसूनही चित्रात त्याच्यासारखीच भासते. रोग पसरलेला असल्यास औषधयोजनाही जातीप्रमाणे बदलते.

सी.टी. यंत्र ही गॉडफ्री हाऊन्सफील्ड या अभियंत्याची देणगी. ग्रामोफोनच्या तबकड्यांमुळे आपल्या पिढीला परिचित असलेल्या ई.एम.आय. कंपनीत ते नोकरीस होते. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र निघाले आणि १९७९ साली त्यांना अ‍ॅलन कॉरमॅक यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. या यंत्राचे आम्हां हिशेबनीसांना विशेष अप्रूप वाटते, कारण ते केवळ चित्र देत नाही, आकडा देते. पाण्याचा आकडा शून्य, हवेचा उणे १०००, आणि शरीरातील प्रत्येक बिंदूची घनता याच मापाने नोंदली जाते. चरबीचा आकडा शून्याखाली असतो. त्यामुळे चरबीयुक्त अशी ‘अँजिओमायोलायपोमा’ ही निरुपद्रवी गाठ बहुधा पहिल्याच साध्या स्कॅनमध्ये ओळखू येते.

पुढचे तीन स्कॅन मात्र शिरेवाटे आयोडीनयुक्त द्रव्य, म्हणजे व्यवहारात ज्याला ‘कॉन्ट्रास्ट’ म्हणतात ते, देऊन काढावे लागतात. एक सुमारे ३५ ते ४० सेकंदांनी, दुसरा साधारण दीड मिनिटाने आणि तिसरा काही मिनिटांनी, द्रव्य लघवीवाटे बाहेर पडू लागल्यावर. क्लिअर सेल गाठीत ‘व्ही.एच.एल.’ नावाचे जनुक बहुधा निकामी झालेले असते. त्यामुळे नव्या रक्तवाहिन्यांचे दाट जाळे तयार होते, पहिल्या अर्ध्या-पाऊण मिनिटातच रक्ताबरोबर द्रव्य त्यात भरते, गाठ उजळते आणि लगेच ओसरू लागते. पॅपिलरी गाठीस रक्तपुरवठा तोकडा. ती मंदपणे आणि थोडीशीच उजळते. क्रोमोफोब या दोहोंच्या मधली.

अमेरिकेत लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २०१३ साली ‘रेडिऑलॉजी’ या नियतकालिकात चार वेळच्या स्कॅनवरील आपला अभ्यास प्रसिद्ध केला. द्रव्य दिल्यानंतरच्या पहिल्या टप्प्यात क्लिअर सेलचा सरासरी आकडा १२५, ऑन्कोसायटोमाचा १०६, क्रोमोफोबचा ७४ आणि पॅपिलरीचा ५४ आला. पुढच्या टप्प्यांत हे अंतर कमी होत जाते. म्हणूनच खर्च वाचविण्यासाठी बाहेरून दीड मिनिटाचा एकच स्कॅन काढून आणल्यास गाठ दिसते, तिचे माप कळते. परंतु जातीचा उलगडा करणारा क्षण निसटून गेलेला असतो.

आता दुसरा प्रश्न. त्याच अभ्यासात क्लिअर सेल आणि पॅपिलरी यांतील भेद ८५ टक्के रुग्णांत अचूक ओळखता आला, पण क्लिअर सेल आणि ऑन्कोसायटोमा यांतील केवळ ७७ टक्क्यांत. म्हणजे कर्करोग आणि निरुपद्रवी गाठ यांत निवड करावयाची असता चारांतील जवळजवळ एक निर्णय चुकणार. जमाखर्चात एवढी तफावत आम्ही एक दिवसही खपवून घेणार नाही. इथे तर माणसाच्या मूत्रपिंडाचा प्रश्न आहे. म्हणून स्कॅनवरून बांधलेला तो अंदाज, आणि सुईने काढलेल्या तुकड्याची किंवा शस्त्रक्रियेनंतरच्या गाठीची सूक्ष्मदर्शकाखाली केलेली तपासणी तो निर्णय, असे आमचे तज्ज्ञ मानतात. हा अंदाज वाया मात्र जात नाही. लहान गाठ आणि वयोवृद्ध, हृदयविकाराचा रुग्ण अशी परिस्थिती असेल, तर आधी सुईची तपासणी करावी, काही काळ लक्ष ठेवून थांबावे की शस्त्रक्रियेची जोखीम घ्यावी, हे ठरविताना त्याचा मोठाच आधार होतो. मूत्रपिंडाचा काही भाग वाचविता येईल का, हे मुख्यत्वे गाठीचा आकार आणि जागा यांवर ठरते. तेही याच चित्रांतून दिसते.

चार स्कॅन म्हणजे क्ष-किरणांची मात्राही अधिक, हे आम्ही लपवीत नाही. सरसकट प्रत्येकाला ते सांगितले जात नाहीत. कॉन्ट्रास्ट देण्यापूर्वी रक्तातील क्रिएटिनिन पाहिले जाते, आयोडीनयुक्त द्रव्याची पूर्वी बाधा झाली होती का याची चौकशी होते. या दोन गोष्टींसाठी ताटकळावे लागल्यास नातेवाइकांनी रागावू नये.

देणगीदारांशी थोडे मोकळेपणाने बोलतो. यंत्रासाठी देणगी तुलनेने लवकर जमते. त्यावर नावाची पाटी लागते आणि ती लागावीच. कॉन्ट्रास्टच्या बाटलीवर, तज्ज्ञाने आकडे लावीत घालविलेल्या वेळेवर, विकृतिशास्त्र विभागातील काचपट्ट्या आणि रसायनांवर पाटी लावता येत नाही. यंत्र एकदा घेतले जाते. हा खर्च प्रत्येक रुग्णागणिक येतो. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखून ठेवाव्या लागतात, तसेच देयकांच्या रकमेतील २ टक्के निर्धन रुग्ण निधीत जमा करावे लागतात. त्या निधीवर बाळंतपणापासून अपघातापर्यंत साऱ्यांचाच हक्क. तेव्हा या वर्षी देणगी-अर्जात ‘तपासणी व विकृतिशास्त्र साहाय्य’ असा स्वतंत्र रकाना ठेवला आहे. तो भरताना रक्कम लहान आहे म्हणून कोणी संकोच करू नये.

रुग्णांच्या आप्तांना एकच विनंती. आधी अन्यत्र स्कॅन झाला असल्यास केवळ छापील अहवाल नव्हे, तर त्याची सी.डी. आणि फिल्मही सोबत आणावी. आवश्यक ते टप्पे त्यात आढळले, तर दुसरा स्कॅन सहसा काढावा लागत नाही. पैसेही वाचतात आणि क्ष-किरणांची मात्राही. सी.डी. नोंदणी कक्षात द्यावी आणि पावती अवश्य घ्यावी.