निजामशाहीची चित्रं आणि महाल



देवगाव फाट्यावरून गाडी सेलूच्या रस्त्याला लागली, की पुढे पाथरी येते. पाथरी म्हटलं, की साईबाबा आठवतात. पण अहमदनगरच्या निजामशाहीचं मूळही तिथलंच. इतिहासकार फरिश्ता सांगतो, की मलिक हसन हा मूळ ब्राह्मणाचा मुलगा. बहामनी स्वारीत धरला गेला आणि मुसलमान झाला. त्याचा नातू बुऱ्हाण निजामशहा. वाडवडिलांच्या या गावासाठी तो वऱ्हाडच्या इमादशहाशी लढला आणि १५१८ साली त्यानं पाथरी घेतली.

पुढच्याच वर्षी लिओनार्दो दा विंची फ्रान्समध्ये वारला. राजा पहिल्या फ्रान्सिसनं त्याला इटलीहून आणवून घर दिलं होतं, तनखा दिला होता. हे पोरं शाळेत शिकतात. नगरच्या दरबारातल्या कलेबद्दल मात्र चकार शब्द नाही!

१५६५ च्या सुमारास आफताबी नावाच्या कवीनं हुसेन निजामशहाच्या स्तुतीचं फारसी काव्य रचलं, 'तारीफ-इ-हुसेनशाही'. विजयनगरवरच्या तालिकोटच्या विजयाची कथा त्यात आहेच, पण मोल आहे ते चित्रांचं. एका चित्रात स्त्रीच्या स्पर्शानं झाड फुलतं. हा संस्कृत काव्यातला दोहदाचा संकेत, आणि तो फारसी पोथीत! काही चित्रांत राजाशेजारी राणी खुंजा हुमायूँ होती, चांदबिबीची आई. तिची आकृती पुढे कुणीतरी पुसून टाकली. हुसेनच्या मागे तिनं मुलाच्या नावानं राज्य चालवलं; १५६९ च्या सुमारास त्याच मुलानं, मुर्तझानं, तिला कैदेत टाकलं. पुसापुशी तेव्हाची असावी, असा अभ्यासकांचा कयास. राजाश्रय असाच असतो: देणाऱ्याची मर्जी फिरली, की चित्रातलं माणूससुद्धा सुटत नाही.

याच मुर्तझाच्या कारकिर्दीत नगरजवळ तलावाच्या मधोमध अष्टकोनी फराहबाग महाल उभा राहिला. पहिलं बांधकाम पसंत पडलं नाही म्हणून पाडलं, पुन्हा उभारलं. १५८३ साली काम संपलं. स्पेनच्या दुसऱ्या फिलिपचा एस्कोरियल राजवाडा पुरा झाला तो १५८४ साली. आकारात तुलना नाही, हौस मात्र सारखीच.

'तारीफ-इ-हुसेनशाही'ची ती पोथी आज पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. गुरुजींना एवढंच सांगणं, शाळेची सहल नगरला न्याल तेव्हा भुईकोट किल्ला पाहून परत फिरू नका. फराहबागही दाखवा.