चाकांवरचे घर आणि नारकंड्याची रात्र

(गणेशोत्सव २०२५ मध्ये तिसऱ्या दिवशी सभासदांच्या कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी माझे काम म्हणजे मंडपाचे बांबू आणि विसर्जनाची गाडी. यंदा सेक्रेटरींनी फर्मावले की, तुम्ही दोघे थंडीत ते चाकांवरचे घर घेऊन डोंगरात गेला होतात ना, त्यावर बोला. त्यांना वाटले असावे, बर्फाचे फोटो दाखवतील, चार गमती सांगतील. फोटो आहेत, गमतीही आहेत. पण एक गोष्ट अशी आहे की जी आम्ही आठ महिने कुणाला सांगितली नव्हती. आज सौ.ची परवानगी घेऊन सांगतो.

आपल्यापैकी बरेच जण मला ओळखतात. कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून स्थापत्याचा डिप्लोमा केला आणि रेल्वेत लागलो, रुळांच्या खात्यात, म्हणजे आमच्या भाषेत पी-वेला. थंडी म्हणजे काय हे आमच्या खात्यात कुणाला शिकवावे लागत नाही. पोलाद थंडीत आक्रसते. एक किलोमीटर लांबीचा रूळ मोकळा ठेवला आणि तापमान चाळीस अंशांनी उतरले, तर तो जवळजवळ ४६ सेंटिमीटरने आखूड होईल. हल्लीचे रूळ एकमेकांना वेल्ड करून लांबच लांब केलेले आणि स्लीपरला जखडलेले असतात. त्यांना आखूड होता येत नाही, मग आतल्या आत ताण बसतो आणि एखादा कच्चा वेल्ड पहाटे तडकतो. म्हणून तुम्ही-आम्ही रजईत असतो तेव्हा आमचे गस्तवाले दिवा, हातोडा आणि रुळावर ठेवायचे फटाके घेऊन धुक्यातून चालत असतात. त्या गस्तीचे तक्ते मी स्वतः किती हिवाळे लावले आहेत. आणि हाच माणूस स्वतःच्या बायकोला घेऊन बर्फात जायला निघाला तेव्हा त्याने तयारी काय केली, तर भाजणी, शेंगदाण्याची चटणी आणि दोन गोधड्या! त्यासुद्धा सौ.ने घेतल्या.

झाले असे की, मुलगी शिकायला पुण्याला गेली, घर रिकामे वाटू लागले, आणि लग्नाला वीस वर्षे झाली होती. एका ओळखीच्या गृहस्थांकडे जुनी डिझेल व्हॅन होती. आत फळीचा पलंग, लहानसे बेसिन, पाण्याची टाकी, जादा बॅटरी, मागे दोन जाळीच्या खिडक्या. कॅम्पर व्हॅन म्हणतात तसली. चार दिवसांसाठी ती घेतली. डिसेंबर २०२४ चा शेवटचा आठवडा होता, २३ तारखेला शिमल्याला बर्फ पडल्याची बातमी आली होती. झिरकपुरात टाकी फुल्ल केली, उड्डाणपुलाखालची नेहमीची कोंडी पार केली आणि परवाणूचा घाट धरला.

बडोगजवळ चहाला थांबलो. कालका-शिमला ही आमच्याच अंबाला विभागातली लाइन, १९०३ साली सुरू झालेली. तिथला ३३ नंबरचा बोगदा ११४३ मीटरचा. ज्या इंग्रज इंजिनिअरचे नाव त्या गावाला आहे, त्याने बोगदा दोन्ही बाजूंनी खणायला घेतला आणि दोन तोंडे एकमेकांना भेटलीच नाहीत, सरकारने त्याला एक रुपया दंड केला, अशी गोष्ट तिकडे सगळे सांगतात. मी ती मोठ्या रंगात येऊन सांगत होतो. सौ. म्हणाली, "अहो, आज रात्री झोपायचं कुठे ते ठरलंय का? की आपलीही दोन तोंडं भेटायची नाहीत?" ठरले नव्हते.

शिमला, कुफरी, ठियोग करत अंधार पडताना नारकंड्याला पोचलो. झिरकपूरपासून सुमारे पावणेदोनशे किलोमीटर, उंची २७०० मीटरच्या आसपास. रस्त्याच्या कडेला बर्फाचे ढीग. बाजार संपतो तिथे एका ढाबेवाल्याच्या अंगणात, त्याला विचारून गाडी लावली. हातातला ब्रेक करकचून ओढला. हीसुद्धा चूकच, ओले ब्रेक रात्री गोठून धरून बसतात, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावायचा असतो. पण हे दुसऱ्या दिवशी कळले.

आता त्या रात्रीचा क्रम नीट ऐका, कारण एकेक चूक अगदी साधी होती.

आधी गॅस पेटेना. मी लहान डब्यांची कॅम्पिंगची शेगडी घेतली होती. त्या डब्यात ब्यूटेन असतो. ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाखाली वायू व्हायला तयारच नसतो, डब्यात पाण्यासारखा पडून राहतो. प्रोपेन असता तर उणे बेचाळीसपर्यंत चालला असता. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाचे रसायनशास्त्र! सौ.ने डबा शालीत गुंडाळून पोटाशी धरला तेव्हा कुठे अर्धा कप चहा झाला. थालीपीठ राहिले बाजूला, भाजणी तशीच परत आली.

मग बॅटरी. छोटा विजेचा हीटर लावला, तो पाऊण तासात मान टाकून बसला. थंडीत बॅटरीची ताकद उतरते आणि हीटर तर वीज पितो. मग पाण्याचा नळ आटला, कारण पाइप गोठला होता. पाणी गोठताना नऊ टक्क्यांच्या आसपास फुगते. सकाळी बेसिनखालचा सांधा फुटलेला सापडला. आमच्याच श्वासाची वाफ काचांवर आतून जमून तिचे पांढरे दहिवर झाले होते. मागच्या जाळ्यांतून सुरीसारखा वारा येत होता. मी पेपर आणि चिकटपट्टी घेऊन त्या दोन्ही जाळ्या बंद केल्या. पक्क्या. कामात मी चोख आहे, ते माझे दुर्दैव.

तरी थंडी जाईना. तेव्हा मी ढाब्यावर गेलो आणि विझत आलेली कोळशाची अंगीठी मागून आणली. ढाबेवाला म्हणाला, "साहब, बाहर ही रखना." मी म्हटले, धूर तर येत नाही. सौ.नेही विचारले, "अहो, आत नको ना, बंद गाडी आहे." मी म्हटले, "निखारे आहेत, थोड्या वेळात विझतील." आणि दार लावले.

मंडळी, आपण पंजाबात राहतो. दर हिवाळ्यात इथल्या वर्तमानपत्रांत बातमी येते की, बंद खोलीत अंगीठी लावून झोपलेले कुटुंब सकाळी उठलेच नाही. ती बातमी वाचून मी सकाळच्या चहाबरोबर म्हणत असे, "काय ही अडाणी माणसं." बहुतेक वेळा ती माणसे मजूर असतात, पत्र्याच्या खोलीत राहणारी, थंडीला दुसरा इलाज नसणारी. माझ्याकडे इलाज होते, हॉटेलात खोली घ्यायला पैसेही होते.

धूर नाही म्हणजे धोका नाही, हा माझा समज. प्रत्यक्षात लाल निखाऱ्यातूनच कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने त्याला धरते आणि सोडत नाही. माणूस गुदमरत नाही, खोकत नाही. त्याला फक्त झोप येते.

रात्री किती वाजले होते ठाऊक नाही. सौ. मला हलवत होती. "अहो, डोकं फुटतंय, मळमळतंय, उठा." मला ऐकू येत होते, पण उठावेसेच वाटत नव्हते. छान ऊब होती. मी चिडून म्हणालो, "झोप गं, घाटाच्या वळणांनी झालं असेल." हे माझे शब्द तिला पाठ आहेत, मला आठ महिने ऐकवते, आणि ते योग्यच आहे. ती पलंगावरून उतरली, पाय लटपटले म्हणून खाली बसली आणि बसल्या बसल्या सरकत जाऊन तिने मागचे दार लाथेने उघडले. बर्फाचा वारा आत आला. मग तिने मला पाय धरून ओढले. मी बाहेर बर्फात गुडघ्यांवर पडलो आणि ओकलो. उभे राहता येत नव्हते. अंगीठीत तेव्हाही निखारे लालच होते.

दवाखान्यात जायचे तर गाडी चालू होईना. खाली मैदानात भरलेले डिझेल. कडाक्याच्या थंडीत त्यातले मेण गोठून फिल्टर तुंबतो. लडाखसाठी तेल कंपनीने २०१९ साली उणे तेहतीस अंशांपर्यंत वाहते राहणारे डिझेल काढले, ते यासाठीच. आमच्या टाकीत झिरकपूरचे होते. ढाबेवाल्याच्या मुलाने त्याची जीप काढली आणि त्या निसरड्या रस्त्यावरून आम्हाला दवाखान्यात नेले. दोघांना प्राणवायू लावला. डॉक्टर तरुण होते, फारसे बोलले नाहीत. एवढेच विचारले, "आधी कुणाला जाग आली?" मी सौ.कडे बोट दाखवले. मग त्यांनी सौ.ला विचारले, "आणि तुम्हाला जाग आली नसती तर?" ती काहीच बोलली नाही.

पुण्याला मुलीचा फोन आला तेव्हा दोघेही म्हणालो, खूप मजा येते आहे.

दुपारी उन्हाने डिझेल वाहते झाले, ब्रेक सुटला. हाटू शिखर राहिले, तिकडचा रस्ता बर्फाने बंदच होता. परतताना सौ.ने दोन्ही जाळ्यांवरचे पेपर टराटरा फाडले आणि काचा उघड्या ठेवून कुडकुडत खाली आलो. ढाबेवाल्याला पैसे देऊ लागलो तर त्याने जेवणाचे तेवढे घेतले, जीपचे घेतले नाहीत. त्याच्यासाठी यंदा इथून मोदक पाठवायचे ठरले आहे.

आपल्यातली तीन कुटुंबे या डिसेंबरात अशीच गाडी घेऊन जाणार असल्याचे कानावर आले आहे, म्हणून हे बोललो. जरूर जा. रात्री एक काच दोन बोटे उघडी ठेवा, आत काहीही पेटवून झोपू नका, डिझेल वर गेल्यावर तिथल्या पंपावर भरा. आम्ही कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आणला आहे, लहानशी डबी आहे, बॅटरीवर चालते. ज्यांना हवी त्यांनी आमच्याकडून घेऊन जावी. सौ.कडे मागा, माझ्याकडे ती ठेवायला दिलेली नाही.

आरतीची वेळ झाली आहे, तबक तयार दिसते. थांबतो.