मुका झालेला संगणक

दिल्लीच्या नेहरू प्लेस या व्यापारी केंद्रात, जेथे संगणकांच्या व्यापाराने आपले बिऱ्हाड कायमचे थाटले आहे, रोज कितीतरी माणसे आजारी यंत्रे काखोटीस मारून येतात. त्यांतील काही यंत्रांना आजार म्हणावा असा काही नसतोच. पडदा उजळतो, अक्षरे उमटतात, चित्रे हलतात. मात्र कंठ फुटत नाही. करोलबागेतल्या किंवा नोएडातल्या घरी आजी-आजोबा परदेशातल्या नातवाचे ओठ हलताना पाहतात आणि त्याचा एक शब्दही कानी पडत नाही, तेव्हा हा दोष क्षुल्लक आहे, असे त्यांना सांगण्याचा धीर कोणाला व्हावा? तरी तो बहुधा क्षुल्लकच असतो.

संगणकाच्या पोटातला आवाज मुळात आवाज नसतो. ती आकड्यांची रांग असते. कॉम्पॅक्ट डिस्कवर एका सेकंदाच्या ध्वनीसाठी डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंचे प्रत्येकी ४४,१०० आकडे नोंदलेले असतात. एक चिमुकली चिप या आकड्यांची विजेची लहर करते आणि त्या लहरीने स्पीकरचा पडदा थरथरतो. या वाटेवर अडसर कोठे आहे, एवढेच शोधायचे असते. दिल्लीच्या घरात गच्चीवरची टाकी भरलेली असूनही न्हाणीघरातली तोटी कोरडी राहते, कारण मधली एखादी चावी कोणीतरी बंद केलेली असते. येथेही तसेच. गाणे वाजवणाऱ्या प्रोग्रॅमची चावी निराळी, संगणकाची निराळी, स्पीकरच्या अंगावरची आणखी निराळी. तिन्ही उघड्या असतील तरच आवाज येणार.

त्या उघड्या असूनही शांतताच असेल, तर चालू असल्याची खात्री असलेला दुसरा हेडफोन लावून पाहावा. त्यातून आवाज आला की दोष स्पीकरचा अथवा त्याच्या वायरीचा. टेबलावरच्या संगणकाच्या मागे रंगीत छिद्रे असतात. स्पीकरची जागा हिरव्या छिद्रात आणि मायक्रोफोनची गुलाबीत. साफसफाईच्या दिवशी या वायरी निघतात आणि परत लागताना घरे बदलतात.

अलीकडे सर्वांत अधिक फसवणारे कारण वेगळेच आहे. एचडीएमआय वायरीतून चित्राबरोबर ध्वनीही वाहतो. नवा मॉनिटर जोडला की संगणक पुष्कळदा आवाजही तिकडे वळवतो, आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नसला तर तो आवाज कोणालाच ऐकू जात नाही. विंडोजमध्ये पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातील कर्ण्याच्या चिन्हावर टिचकी मारून आवाज कोणत्या उपकरणाकडे जावा ते निवडले की काम झाले. एवढ्यासाठी नवे स्पीकर विकत आणणारी मंडळी आहेत.

अपडेटनंतर आवाज गेला असेल तर ड्रायव्हरचा संशय घ्यावा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जुना ड्रायव्हर परत आणण्याची सोय असते. नाहीतर तो काढून संगणक पुन्हा सुरू करावा. मात्र मदतीसाठी इंटरनेटवर सापडलेला कोणताही फोन नंबर फिरवू नये. मायक्रोसॉफ्टच्या तक्रारींवरून २०१८ च्या ऑक्टोबरात दिल्लीत १० आणि नोव्हेंबरात नोएडा-गुरुग्राम भागात १६ बनावट मदतकेंद्रांवर पोलिसांनी छापे घातले होते. नसलेला रोग सांगून पैसे उकळणे हाच त्यांचा धंदा. दूरच्या अनोळखी माणसाच्या हाती आपला संगणक देणे म्हणजे घराच्या किल्ल्या देणे होय.

आवाज येतो, पण त्याखाली सतत घुंऽऽ अशी गुणगुण असते, ही तक्रार विजेची. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तने घेते आणि अर्थिंग सदोष असले की तिचाच सूर स्पीकरमध्ये शिरतो. लॅपटॉपचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालवावा. गुणगुण थांबली तर निदान झाले. संगणक व स्पीकर एकाच बोर्डावर जोडून पाहावेत आणि अर्थिंग जाणत्या वायरमनकडून तपासून घ्यावे. काही जण प्लगची तिसरी पिनच मोडून टाकतात. गुणगुण त्याने कदाचित थांबेलही, पण ती पिन जिवाच्या रक्षणासाठी असते. वीज गेल्यावर इन्व्हर्टर चालू होताच गुरगुर सुरू होत असेल, तर मात्र दोष संगणकाचा नव्हे. स्वस्त इन्व्हर्टर विजेची लहर सफाईदार न देता खडबडीत देतो.

राहिला मायक्रोफोन. २५ मार्च २०२० रोजी टाळेबंदी लागली आणि घरोघर शाळा, कचेऱ्या, बारशी आणि शोकसभा पडद्यावर भरू लागल्या, तेव्हा याचे महत्त्व सर्वांना कळले. आपला आवाज पलीकडे जात नसेल तर विंडोजच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये त्या प्रोग्रॅमला मायक्रोफोन वापरण्याची परवानगी आहे की नाही ते पाहावे. ब्लूटूथ हेडफोनचा मायक्रोफोन चालू झाला की गाणे टेलिफोनसारखे चपटे का होते, हाही प्रश्न नेहमीचा. बोलण्यासाठी संगणकाचाच मायक्रोफोन निवडला की ते पूर्ववत होते. आणि प्रतिध्वनी? एकाच खोलीत आजोबा लॅपटॉपवर व आजी मोबाइलवर त्याच नातवाशी बोलत असतील, तर एका यंत्राचा आवाज दुसऱ्याच्या मायक्रोफोनात शिरतो आणि फिरून फिरून परत येतो. तेथे दोघांनी एकाच यंत्रासमोर बसावे.