आपली फुगडी संगणकाच्या खेळात

‘स्टेपमेनिया’ नावाचा संगणकावरचा एक खेळ फुकट मिळतो. पडद्यावर बाण सरकत येतात. ठेका पडला की त्या दिशेची कळ दाबायची, किंवा खेळाच्या चटईवर पाय मारायचा. १९९८ साली जपानात निघालेल्या ‘डान्स डान्स रेव्होल्युशन’च्या धर्तीवर तो बनला. त्यात आपली भोंडल्याची, फुगडीची गाणीही घालता येतात.

गाणं मोबाइलवर रेकॉर्ड करा, त्याची एमपीथ्री फाइल करा. खेळाच्या ‘साँग्ज’ फोल्डरमध्ये आपल्या गटाचा फोल्डर, त्यात गाण्याचा फोल्डर करून ती ठेवा. बाण बसवायची सोय खेळातच आहे. पण आधी दोन गोष्टी सांगाव्या लागतात : पहिला ठोका कधी पडतो आणि मिनिटाला ठोके किती. १५ सेकंद टाळ्या मोजा, चारने गुणा. ३० टाळ्या झाल्या, तर मिनिटाला १२० ठोके.

फुगडी मात्र रंगेल तशी वेग धरते. सगळ्या गाण्याला एकच आकडा दिला, तर बाण मागे पडतात आणि पोरीला वाटतं, आपलाच पाय चुकला. लय वाढते तिथे नवा आकडा द्या. आजीला लय बदलायला सांगू नका.

आणखी एक. गाणारीला आधी विचारा. फाइल एकदा चार ठिकाणी गेली की परत आणता येत नाही. ती हो म्हणाली, तर तिचं नावही घाला. खेळात गायकाच्या नावाची जागा असते. आपल्या आयाबायांनी गाणी जपली, पण त्यांची नावं फारशी कुणी लिहिली नाहीत. ती जागा रिकामी सोडू नका.