मामू, वेग दुप्पट होईल!

पावसाळ्याच्या तोंडावर भाच्याचा फोन आला. "मामू, मशीनचा सिलिंडर बदलतोय. लेथवाला म्हणतो, वेग दुप्पट होईल."

कर्जतजवळ त्याची जळाऊ लाकडाची वखार आहे. लग्नाच्या देगा चढवणारे भटारी, ढाबेवाले, फार्महाउसवाले, सगळ्यांना मृगाच्या आधी कोरडे, फोडलेले लाकूड हवे असते. एकदा पाऊस लागला की कर्जत-खालापुरात वाळलेली काडीसुद्धा मागून मिळत नाही. त्यामुळे त्या पंधरा दिवसांत त्याला घाई असते, हे मला ठाऊक होते.

मी विचारले, "वेग दुप्पट होईल, पण जोर किती उरेल?"

पलीकडे शांतता. मग तो म्हणाला, "तुम्ही या ना एकदा."

मी मराठी घेऊन बीए झालेला माणूस, कविता करतो. पण अब्बांच्या वखारीत वाढलो. तिथे अक्षरांच्या आधी मण आणि शेर शिकलो. अब्बांकडे मशीन नव्हते. घण, पाचर, कुऱ्हाड आणि वाडीवरून येणारे चार कातकरी, एवढाच कारखाना. ते लोक ओंडका उभा करायचे, त्याच्याभोवती एक चक्कर मारायचे, रेघ कुठून गेली आहे ते पाहायचे आणि मगच पहिला घाव. आंब्याचा ओंडका दोन घावांत मोकळा व्हायचा. चिंचेचा, त्यातून गाठीचा असला, तर पाचर आत रुतून बसायची आणि ती सोडवायला दुसरी पाचर लागायची.

भाच्याच्या मशीनमध्ये पाचर एका टोकाला पक्की बसवलेली आहे. समोरून तेलाच्या दाबाने दट्ट्या येतो आणि ओंडका तिच्यावर रेटतो. यातले तत्त्व आमच्या खालापूरकरांना नवे नाही. खोपोलीचे वीजघर १९१५ साली सुरू झाले. घाटमाथ्यावरच्या तलावांचे पाणी नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली येते आणि बारीक तोटीतून चाकाच्या वाट्यांवर आदळते. एवढ्या उंचीच्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला पन्नास किलोच्या आसपास भरतो. वखारीतला जेवणाच्या डब्याएवढा पंप तेलाला दीडशे किलोपर्यंत दाबतो. म्हणजे खंडाळ्याचे तीन डोंगर एकावर एक ठेवल्यासारखे.

मी वखारीत गेलो आणि पावतीपुस्तकाच्या मागे आकडे मांडायला बसलो. श्रोत्यांनी कंटाळू नये, हिशोब वाण्याच्या दुकानातलाच आहे. सिलिंडरचा आतला व्यास १०० मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ साडेअठ्ठ्याहत्तर चौरस सेंटिमीटर. त्याला दीडशेने गुणा, जोर जवळजवळ पावणेबारा टन. दट्ट्याची धाव ६० सेंटिमीटर. तेवढी पोकळी भरायला पावणेपाच लिटर तेल लागते आणि पंप मिनिटाला १६ लिटर देतो. पुढे जायला अठरा सेकंद. परतताना आत दांडा असतो, तो जागा अडवतो, तेल कमी लागते, म्हणून तेरा सेकंद. एका फेरीला एकतीस सेकंद.

आता लेथवाल्याचा सल्ला पाहा. सिलिंडर ८० मिलिमीटरचा घाला. तेल कमी लागेल, दट्ट्या अकरा-साडेअकरा सेकंदांत पोहोचेल. खरे आहे. म्हणजे "दुप्पट" हे बोलण्यापुरतेच. आणि जोर साडेसात टनांवर येईल. आंबा फुटेल, चिंच हसेल. दुसरी युक्ती म्हणजे दट्ट्यापुढचे तेल टाकीत न सोडता पुन्हा मागच्या बाजूला वळवायचे. मग पुढची धाव साडेचार सेकंदांत होते; पण त्या वेळी जोर मिळतो फक्त दांड्याच्या जाडीएवढ्या क्षेत्रफळाचा, तीन टनांच्याही आत. पंप आणि मोटर तीच ठेवून कुणी सांगितले की जोरही तोच राहील आणि वेगही वाढेल, तर त्याला आधी चहा पाजावा आणि मग बिल विचारावे.

कमी झालेला जोर भरून काढायला काही जण दाब सोडणारा व्हॉल्व्ह पिळून ठेवतात. हे मात्र जिवावरचे काम. तो व्हॉल्व्ह म्हणजे मशीनची सुटकेची वाट. ती बंद केली की तेल होसमधून, सांध्यातून, सापडेल तिथून वाट काढते. सुईएवढ्या भोकातून सुटलेली तेलाची चिळकांडी कातडी भेदून आत शिरते. वरून मुंगी चावल्यासारखी खूण, आणि आत मांस सडू लागते. गळती हाताने चाचपू नये, पुठ्ठा धरून पाहावी. आणि खूण दिसली तर मलम लावत बसू नये, त्याच तासाला सर्जन गाठावा.

हे सगळे चालले असताना ओंडके लावणारा कामगार बाजूला बिडी विझवून उभा होता. त्याच्या डाव्या हाताच्या करंगळीचे पहिले पेर नाही. ते या मशीनवर गेले नाही, दुसऱ्या एका वखारीत, जोरात चालणाऱ्या मशीनवर गेले. तो भाच्याला एवढेच म्हणाला, "शेठ, येताना पळू दे त्याला. जाताना नको."

मी पुन्हा कागद उचलला. आज दट्ट्या सेकंदाला साडेतीन सेंटिमीटरपेक्षाही कमी सरकतो. ओंडका तिरका झाला तर हात काढून घ्यायला माणसाला अवधी मिळतो. ती वळवलेल्या तेलाची युक्ती केली असती, तर सेकंदाला साडेतेरा. माणसाला धोका कळून हात मागे येईपर्यंत दट्ट्या वीतभर पुढे गेलेला असता.

मग येताना पळवायचे कसे? दांडा जाड करा, ७० मिलिमीटरचा, की परतीचे तेल आणखी कमी लागते. पण मग मागच्या बाजूने टाकीत परतणारे तेल मिनिटाला एकतीस लिटर होते. त्याला होस मोठा, व्हॉल्व्ह मोठा. खर्चावर खर्च. दोन टप्प्यांचा पंप हा खरा इलाज, रिकामा असताना भरपूर तेल देणारा आणि अडले की थोडे तेल पण पुरता दाब देणारा. तो भाच्याला या हंगामात परवडणारा नव्हता.

मी तासभर नुसता मशीनकडे पाहत बसलो, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. ओंडके पंचेचाळीस सेंटिमीटरचे. बहुतेक ओंडके पाचर वीतभर आत गेली की तडकतात. तरी दट्ट्या पार टोकापर्यंत जात होता आणि पार मागे येत होता. रिकाम्या वाटेवर निम्मा दिवस जात होता!

सिलिंडर तसाच ठेवला. लिव्हरला एक सळी जोडली, सळीवर सरकती कडी. दट्ट्या ओंडक्यापुरती जागा सोडून मागे आला की कडी लिव्हर मधल्या खुणेवर आणते आणि दट्ट्या थांबतो. ओंडका फुटताक्षणी परतायचे, पुढे रेटत बसायचे नाही. धाव पस्तीस सेंटिमीटरवर आली. पुढे दहा सेकंद, मागे आठ. एकतीसचे अठरा झाले. जाड दांडा घालून आणखी अडीच सेकंद वाचले असते, तेवढ्यासाठी भाच्याने पैसे मोजले नाहीत. उलट लिव्हरची स्प्रिंग नवी घातली. पुढे नेताना हात सुटला की दट्ट्या जागीच थांबतो.

लेथवाला थोडा नाराज झाला. सळी आणि कडी त्यानेच करून दिली, तेवढेच पैसे घेतले.

गाठीच्या चिंचेपाशी मशीन अजूनही कधी कधी कण्हते आणि थांबते. मग करंगळीवाला तो ओंडका काढून बाजूला उभा करतो, त्याच्याभोवती एक चक्कर मारतो आणि अब्बांचा घण मागतो.