हरणांसाठी पेरलेलं रान

अमेरिकेत हरणांच्या शिकारीचा शौक असलेली मंडळी हिवाळ्याच्या तोंडावर मुद्दाम पेरणी करतात. झाडीच्या कडेला ओट, राय, क्लोव्हर, सलगम टाकायचं. थंडीत बाकीचं रान वाळलं की हरणं त्या हिरव्या तुकड्यावर येतात आणि शिकारी मचाणावर वाट बघत असतो. तिथं रीतसर परवाना मिळतो. आपल्याकडं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. मारलं तर ३ ते ७ वर्षं कैद.

पण पेरणीचंच म्हणाल, तर औशाचा शेतकरीही दरसाल तेच करतो. फक्त त्याला ते नको असतं. ऑक्टोबरात सोयाबीन निघालं की शिवार उघडं पडतं. माळावरचं गवत पिवळं पडायला लागतं. अशा वेळी काळ्या रानातल्या ओलीवर उगवलेला हरभरा तेवढा हिरवागार. कळप तिथं येणार नाही तर कुठं जाणार? आपण सरसकट हरीण म्हणतो. खरं तर काळवीट हरणाच्या जातीचं नव्हे, त्याची शिंगं दरसाल गळत नाहीत. ज्याचं पीक गेलं त्याला या फरकाचं काय म्हणा!

पीक कोवळं असताना कळपानं शेंडे खाल्ले तर फार बिघडत नाही. महिन्याभराच्या हरभऱ्याचे शेंडे आपणही खुडतोच; घरात भाजी होते आणि झाडाला फांद्याही फुटतात. पण तोच कळप रोज येऊ लागला, पिकात बसू लागला, फुला-घाट्यांच्या दिवसांत घुसला, की वर्षाचं गणित बिघडतं. मग थंडीत रात्र-रात्र जागल आली.

पूर्वी हरभऱ्याच्या, ज्वारीच्या कडेनं करडईच्या ओळी असत. करडई लहानपणी मऊ, तिचीही भाजी करतात. पण मोठी झाली की काटे असे, की जनावर सहसा आत शिरत नाही. काढणीला माणसं मिळेनात, तेलाला भाव मिळेना, म्हणून ती मागं पडली. माझ्या मते निदान कडेच्या चार ओळी तरी पुन्हा धराव्यात. अगदी सुरुवातीला तिचा उपयोग नाही, मात्र घाटे भरताना ती कामाला येते.

दुसरी गोष्ट गायरानाची. काळवीट हा उघड्या माळाचा प्राणी. गायरान नांगरलं, की त्याचा माळ जातो. झाडं लावून गच्च केलं तरी तेच. पवन्या, मारवेल राखला तर गुरांनाही चारा होतो. वाळलेलं गवत हिरव्या हरभऱ्याशी बरोबरी करणार नाही, हे खरं. पण कळपाला दिवसभर थांबायला जागा तरी राहते. अहिल्यानगर जिल्ह्यात कर्जतजवळ रेहेकुरीला १९८० साली काळविटांसाठी अभयारण्य झालं, तेही असंच लहानसं माळरान आहे.

तारेत थेट वीज मात्र कुणी सोडू नये. काळवीट मरतं, आणि अंधारात पाणी द्यायला निघालेला शेजारीही मरतो. सौर कुंपणाचा झटका वेगळा, तो क्षणभराचा असतो.

नुकसान झालंच तर वन खात्याकडं लगेच अर्ज द्या. भरपाईच्या यादीत हरीण, काळवीट दोन्ही आहेत. खुरांचे ठसे पुसायच्या आत फोटो काढून ठेवा, आणि पंचनामा होईपर्यंत ते रान मोडू नका.