गळ्याभोवतीची गाठ

‘देश तसा वेश’ ही म्हण मराठीत जुनी आहे. परंतु देश एकच असला तरी प्रसंग अनेक असतात, आणि वेशाची खरी परीक्षा होते ती प्रसंगापाशीच. पाश्चात्त्य पुरुषी पोशाखात प्रसंगाचे हे भान ज्या एका वस्तूवर सर्वांत अधिक सोपविलेले आहे, ती वस्तू म्हणजे टाय. वास्तविक टायचा उपयोग असा काहीच नाही. त्याला खिसा नाही, तो थंडी अडवीत नाही, उन्हापासून रक्षण करीत नाही. म्हणूनच थट्टेखोरांनी त्याला ‘कंठलंगोट’ अशी पदवी बहाल केली. पण ज्याचा उपयोग नाही, त्याला अर्थ मात्र भरपूर असतो. आणि टायची निवड ही त्या अर्थाची निवड असते.

हा अर्थ प्रथम रणांगणावर जन्मला. युरोपात १६१८ ते १६४८ या काळात चाललेल्या तीस वर्षांच्या युद्धात क्रोएशियाचे भाडोत्री सैनिक गळ्याभोवती रुमाल बांधीत. फ्रेंचांना ती तऱ्हा आवडली आणि क्रोएट या शब्दावरूनच तिला ‘क्राव्हात’ असे नाव पडले. चौदाव्या लुईच्या दरबाराने ती उचलली, आणि सैनिकाचा रुमाल सरदाराचे भूषण बनला. पुढे इंग्लंडात बो ब्रमेल याने शुभ्र, खळ दिलेल्या गळपट्ट्याची घडी हीच सभ्यतेची कसोटी ठरविली. आजचा लांब, अरुंद टाय याच घराण्यातला. त्याचे कापड तिरके कापलेले असते. म्हणून गाठ सोडल्यावर तो पुन्हा सरळ होतो.

या वस्त्राचा धाक परक्या माणसाला किती वाटतो, हे महात्मा गांधींच्या आत्मकथेत दिसते. १८८८ साली ते साउदॅम्प्टनला उतरले ते पांढऱ्या फ्लॅनेलच्या पोशाखात. शरद ऋतू लागलेला. त्या गर्दीत तसे कपडे घातलेले ते एकटेच होते, आणि सामान एजंटाच्या ताब्यात गेल्यामुळे बदलण्याची सोयही नव्हती. तयार गाठीचा टाय शिष्टसंमत नाही असे कळल्यावर ते हाताने गाठ बांधण्यास शिकले, आणि रोज दहा मिनिटे आरशापुढे घालवू लागले. पुढे त्यांनी हा सारा पोशाखच टाकला. याउलट डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी तो निष्ठेने वापरला. ज्यांनी काय नेसावे आणि काय नेसू नये हेही शतकानुशतके इतरांनीच ठरविले, त्यांच्या दृष्टीने कोट आणि टाय हे साहेबाचे अनुकरण नव्हते. ती बरोबरीची घोषणा होती. गावोगावच्या पुतळ्यांत बाबासाहेबांच्या गळ्याशी टाय आहे, तो याच अर्थाने. एकाने टाय सोडला, दुसऱ्याने ठेवला. दोघांनीही तो विचारपूर्वकच केला.

सामान्य माणसाला मात्र रोजचे प्रश्न पडतात. नोकरीच्या मुलाखतीस गडद निळा किंवा करडा, बारीक नक्षीचा टाय उत्तम. कारण तेथे बोलायचे असते ते उमेदवाराने, टायने नव्हे. पट्ट्यापट्ट्यांचा टाय घेताना एक सावधगिरी हवी. ब्रिटनमध्ये असे अनेक पट्टे विशिष्ट पलटणींचे, शाळांचे वा क्लबांचे असतात. ज्या पलटणीत आपण पाऊल ठेवले नाही तिचे रंग मिरविणे हा तेथे आगाऊपणा समजला जातो. संध्याकाळच्या मेजवानीच्या पत्रिकेवर ‘ब्लॅक टाय’ असे छापले असेल, तर अर्थ केवळ काळा टाय असा नसतो. डिनर जॅकेट आणि काळा बो असा तो संपूर्ण वेश असतो. त्याबरोबर कमरेला जो पट्टा येतो, त्याचे इंग्रजी नाव आपल्या कमरबंदावरूनच गेलेले आहे. ‘व्हाइट टाय’ हा त्याहूनही वरचा थाट.

रंगांचे संकेत मात्र देशोदेशी उलटतात. युरोपात काळा टाय शोकाचा. आपल्याकडे अंत्ययात्रेला साधे पांढरे कपडे पुरेत, टायची गरजच नाही. मराठी लग्नात, संक्रांतीला शोभणारा काळा रंग वडीलधाऱ्यांना रुचत नाही. तेथे लाल, केशरी वा हिरवा टाय शोभतो. ३० मार्च २००२ रोजी ब्रिटनच्या राजमातेच्या निधनाची वार्ता देताना बीबीसीचे वृत्तनिवेदक पीटर सिसन्स यांच्या गळ्यात काळ्याऐवजी गडद तांबडा टाय होता, आणि त्यावरून त्यांच्यावर टीकेची झोड उठली. बातमीचा एक शब्दही चुकलेला नव्हता. पण दुःखी माणसे रंगसुद्धा ऐकतात.

टाय न बांधणे हीदेखील एक निवडच आहे. जंतुसंसर्गाच्या भीतीने ब्रिटनच्या आरोग्य खात्याने २००७ साली रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरांनी टाय टाळावा असे सुचविले. जपानने २००५ पासून उन्हाळ्यात कचेऱ्यांतील टायला रजा दिली, कारण वातानुकूलन २८ अंशांवर ठेवून वीज वाचवायची होती. मुंबईच्या वैशाखात हा विवेक अधिकच पटण्यासारखा. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यूझीलंडच्या संसदेतून रविरी वाइतिती या माओरी सदस्यांना टाय नाही म्हणून बाहेर जावे लागले. त्यांच्या गळ्यात हेई-टिकी हे त्यांच्या समाजाचे पारंपरिक पदक होते. टाय त्यांना वसाहतवादाचा फास वाटे. दुसऱ्याच दिवशी सक्तीचा तो नियम गेला. आपल्या बंद गळ्याच्या कोटाने हा प्रश्न कधीच सोडविलेला आहे. सरकारी समारंभातही त्याला टायची उणीव भासत नाही.

बांधायचाच झाला, तर टायचे टोक पट्ट्याच्या बकलाशी टेकावे आणि गाठ कॉलरच्या मापाची असावी. केंब्रिजच्या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी १९९९ साली गणिताने ८५ गाठी सिद्ध केल्या. व्यवहाराला दोन-तीन पुरतात. त्या कोणासही शिकता येतात. शिकावयाचे अधिक कठीण ते हे, की आरशापुढे उभे राहिल्यावर ‘हा मला शोभतो का?’ या प्रश्नाच्या आधी ‘आजचा प्रसंग कोणाचा?’ हा प्रश्न मनात यावा. लग्न वधूवरांचे असते, शोक आप्तांचा असतो, आजार रुग्णाचा असतो. ज्याचा प्रसंग, त्याचा मान राखणारा टाय हाच योग्य टाय; आणि तो मान टायवाचून राखता येत असेल, तर मोकळा गळाही तितकाच सभ्य.